गिरणीच्या दारावरचा फलक

आजोबा गिरणीत साचे चालवत, पण लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. साताऱ्याकडच्या गावात त्यांची मराठी सातवी झाली होती. मुंबईत आले तेव्हा गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत वाचता येणारे ते एकटेच. पाळी सुटली की माणसे कागद घेऊन त्यांच्याकडे येत. त्यात गावाकडची पत्रे असत, सावकाराच्या चिठ्ठ्या असत, पण बहुतेक कागद गिरणीचे असत. मला आठवतात ते निवृत्तीनंतरचे आजोबा, साठच्या दशकाच्या शेवटीशेवटीचे. तेव्हाही गॅलरीतल्या त्यांच्या बाकड्यावर कुणी ना कुणी बसलेला असायचाच.

"मास्तर, पाच मिनिटं उशीर झाला तर गेट लावून घेतला. अर्धा दिवस कापला. असं चालतं का?" "मास्तर, बापाचं दिवसकार्य करून आलो, तर माझ्या साच्यावर बदलीवाला उभा. आता मी कुठं जाऊ?" "नोकरी सोडतो म्हटलं तर महिन्याचा पगार बुडंल म्हणत्यात. खरं का?" आजोबा लगेच उत्तर देत नसत. आधी विचारत, "फलकावर काय लिहिलंय?" समोरचा गप्प होई. गिरणीच्या दाराशी नियमांचा फलक होता, त्यावर इंग्रजीच्या बाजूला मराठी मजकूरही होता, पण पाळीच्या धावपळीत तिथे थांबून वाचतो कोण? आजोबांनी ते सगळे नियम एका वहीत उतरवून घेतले होते. वही उघडून ते बोटाने ओळ दाखवत आणि मगच मत सांगत.

पुढे मी कामगारांचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांच्या कचेरीत नोकरी केली. टेबलासमोर येणाऱ्या माणसांचे कपडे बदलले, धंदे बदलले, गिरण्यांचे उंच टॉवर झाले. प्रश्न मात्र मला ओळखीचे वाटत. पगार किती कापता येतो, रजा कुणाच्या हातात, उद्यापासून येऊ नको असे तोंडी सांगितले तर काय करायचे, बाळंतपणानंतर खुर्ची राहील का. अशा वेळी माझ्या मनात घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी जाग्या होत, कारण यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधी कुणीतरी भोगून मिळवलेले होते.

आजोबांचे वडील मुंबईला आले तेव्हा गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. तिची कंपनी १८५४ मध्ये उभी राहिली आणि ताडदेवला तिचे काम दोन वर्षांनी सुरू झाले. त्यानंतर पुढची कित्येक वर्षे नियम एकच होता, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, थंडीत कमी. माणसांकडे घड्याळ नव्हते. उशीर झाला तर दार बंद होईल या धास्तीने कितीतरी जण अंधारातच येऊन गेटाबाहेर अंग टाकत. पणजोबाही तसेच झोपत, असे आजोबा सांगत. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास ठरवून दिले. मोठ्या माणसासाठी त्यात तासांची काहीच मर्यादा नव्हती. विजेचे दिवे आले तेव्हा सूर्याची मर्यादाही गेली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत दिवस चौदा तासांच्याही पुढे गेला. पुरुषांसाठी बारा तासांची हद्द कायद्यात आली ती १९११ साली.

आठवड्याच्या सुट्टीची गोष्ट पणजोबांच्या तोंडून आजोबांनी ऐकली होती आणि ते ती फार आदराने सांगत. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे कामगारांचे हाल त्यांनी आतून पाहिले होते. नोकरी सोडून त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र चालवले आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र बोलावले. त्या सभेतून निघालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. यंत्रात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावे, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. पुढे २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यांची भाषणे मला वाचायला मिळाली असती तर किती बरे झाले असते! १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी कबूल केली.

"रविवार खंडोबाचा वार, तो लोखंड्यांनी आपल्याला सोडवून दिला," असे पणजोबा म्हणत. त्यातही खोच होती. सुट्टी मिळाली, तरी पुढे बरीच वर्षे रविवारी सकाळी यंत्रे पुसायला बोलावत आणि त्याचा वेगळा पैसा देत नसत. मान्य झालेला हक्क आणि हातात पडलेला हक्क यांत किती अंतर असते, हे आमच्या घरात पणजोबांच्या पिढीपासून माहीत आहे. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. त्यांच्या त्या अर्जातल्या बहुतेक मागण्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांत या ना त्या रूपात कायदा होऊन आल्या. शाळेच्या पुस्तकात त्यांना एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आजोबा स्वतः कामाला लागले ते विसाच्या दशकात. १९१९ आणि १९२० च्या मोठ्या संपांमुळे तोवर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस झाला होता. पण कामाला लागायचे म्हणजे मुकादमाची मर्जी हवी. मुकादम, ज्याला जॉबर म्हणत, तोच माणूस घेणार, तोच काढणार, तोच रजा देणार. नोकरीसाठी त्याला दस्तुरी द्यायची, त्याच्या ओळखीच्या दुकानातून किराणा भरायचा, कधी त्याच्याच माणसाकडून व्याजाने पैसे घ्यायचे. ज्यांना कायम जागा नव्हती ते बदलीवाले भल्या पहाटे गेटाशी उभे राहत. कुणाचा खाडा झाला की मुकादम बोट दाखवी, तो आत जाई, बाकीचे घरी परत. आजोबांनी बदलीवर पुष्कळ दिवस काढले. ते म्हणत, "कामाचा त्रास नव्हता. आज काम मिळंल का, हा त्रास हुता."

दंडाच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या, कारण दंडाची झळ चुलीला लागे. कापडात डाग पडला, धागा सुटला, तर ते ठाण साचेवाल्याच्या गळ्यात मारत आणि त्याची किंमत पगारातून वळती करत. आजोबा ते कापड घरी आणत. बाजारात त्याचे निम्मे पैसेही येत नसत. आमच्या घरातल्या जुन्या गोधड्यांच्या आतले थर त्या कापडाचे होते. आजी गोधडी उन्हात टाकताना सांगे, "ह्यो तुझ्या आज्याचा एक पगार." उशीर झाला दंड, बोलले दंड, गैरहजर राहिले तर एका दिवसाला दोन दिवसांची कापणी. आगाऊ सूचना न देता काम सोडले तर चढलेला पगारच बुडे. मालकाला मात्र काढून टाकायला असली कसली अडचण नसे.

हे चित्र १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने बदलले आणि मला तो कायदा फार मोलाचा वाटतो. त्याने पगाराची तारीख बांधली. हजारापेक्षा कमी माणसे असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, जास्त असतील तर १० च्या आत. लोखंड्यांनी १५ तारीख मागितली होती, ती अर्धशतकाने त्याहून अलीकडे आली. कोणत्या चुकीला दंड होईल याची यादी आधी लावली पाहिजे. दंड करण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नाही. दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जाणार नाही, तो कामगारांच्याच हितासाठी खर्च होईल आणि त्याची नोंदवही राहील. आणि गैरहजेरीची कापणी माणूस जितका वेळ गैरहजर असेल तितक्याच प्रमाणात.

आजही माझ्याकडे मुले येतात आणि सांगतात, तीन वेळा दहा मिनिटे उशीर झाला म्हणून एक दिवसाचा पगार गेला. ही पद्धत इतकी रुळली आहे की तो नियमच असावा असे त्यांना वाटते. गैरहजेरी म्हणून कापायचे तर अर्ध्या तासाचेच कापता येते. दंड म्हणून कापायचे तर आधी यादी हवी, म्हणणे ऐकायला हवे आणि मर्यादा पाळायला हवी. अर्ध्या आण्याची ती मर्यादा आता तीन टक्के झाली आहे. हे मी सांगते तेव्हा समोरच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास दिसतो.

आजोबा ज्याच्याकडे बोट दाखवत, त्या गिरणीच्या फलकाचा जन्म १९२८ च्या संपाशी बांधलेला आहे. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर होती. कॉम्रेड डांगे, जोगळेकर, मिरजकर, निंबकर यांच्या पुढाकाराने याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची. संपाची कारणे पगाराची आणि एका माणसाने जास्त साचे चालवण्याची होतीच, पण मालकांनी तयार केलेल्या नियमावलीचाही वाद होता. नियम मालकाने एकट्याने ठरवायचे की नाही, हा तो वाद. संप मिटताना फॉसेट समिती नेमली गेली आणि तिच्यापुढे त्या नियमांची, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सची, चर्चा झाली. माझ्या मते ती एक मोठी पायरी होती. गिरणीतला नियम तिसऱ्या माणसासमोर, मालक आणि कामगार दोघांनी बोलून तपासला जाऊ लागला.

आजोबा त्या संपात गावी गेले नाहीत. बाकीचे बरेच जण भात लावायला गेले. खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवण घातले म्हणून ते टिकले, आणि त्या बायकांचे नाव कुठल्या इतिहासात येत नाही, याची त्यांना खंत होती.

याच संपातली एक गोष्ट आजोबांनी मला फार उशिरा सांगितली. विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना घेत नसत. धोट्यात नवी नळी भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. दुसऱ्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असे म्हणून सवर्ण साचेवाल्यांनीच त्यांची वाट अडवली होती. मालकाच्या कुठल्याही फलकावर हा नियम नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये संपाच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला, की सगळ्या कामगारांसाठी लढता तर हे दार का बंद? आजोबा म्हणाले, "आम्ही मालकापुढं हक्क मागत हुतो आणि आमच्याच शेजाऱ्याला आत येऊ देत नव्हतो." त्या खात्यात त्यांच्याबरोबर साचे चालवणाऱ्या कुणीही हे बोलून दाखवले नव्हते. तोंडाने सूत ओढण्याने क्षयरोग पसरतो हे डॉक्टर सांगत होते, तरी ती रीत सुटत नव्हती आणि तिच्या आडून जात पाळली जात होती. कामगारांच्या हक्कांबद्दल बोलताना ही गोष्ट वगळून पुढे जाता येणार नाही.

आजी वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात होती. तिथे मुकादमाच्या जागी नायकीण असे आणि तिलाही दस्तुरी लागे. तान्ह्या मुलांच्या माता कामावर जाताना पोराला बाळगोळी चाटवत. तिच्यात अफू असे. पोर दिवसभर झोपून राही. आजीने आपल्या पहिल्या मुलीला ती दिली होती आणि ते बोलताना तिचा आवाज जाई. कामाच्या जागी पाळणाघर असावे, असे सांगायला आजीला पुस्तक लागत नव्हते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले, पुढे ती संख्या तीसवर आली. बाळंतपणाचा कायदा मुंबई इलाख्यात त्याहून आधी, १९२९ मध्ये आला. देशातला तसला तो पहिला. त्या विधेयकाला कायदेमंडळात आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. स्त्रीच्या कामाचा लाभ मालकाला मिळतो, तर तिच्या बाळंतपणाच्या काळातला भारही त्याने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. आजीला दुसऱ्या बाळंतपणाला गिरणीतून पैसे मिळाले आणि त्यातून तिने पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचा डिंक आणि खारीक आणली. आज २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती २०१७ पासून. पण आजीच्या काळातच गिरण्यांत नवी यंत्रे आली, वाइंडिंगमधल्या बायका कमी करत नेल्या, आणि हक्क कागदावर आला तेव्हा तो घेणाऱ्या बायकाच गिरणीत थोड्या उरल्या. आजीचीही नोकरी तशीच गेली.

गिरणीतल्या मुकादमांच्या नजरेबद्दल आजी आणि आत्या आपापसात बोलत, आम्हा मुलींना उठवून लावत. त्यांच्यासाठी ते सोसण्याचे दुखणे होते, तक्रारीचे नव्हे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची प्रमुख स्त्री असली पाहिजे, तक्रार तीन महिन्यांच्या आत करता येते. आत्या तेव्हा हयात होती. तिला मी हे वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तवा आसतं तर."

फॉसेट समितीपुढे गेलेल्या त्या नियमावलीला मुंबईच्या गिरण्यांत कायद्याचे बळ आले ते १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याने आणि मग १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने. त्याच १९३८ च्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला, कारण त्याने संपाच्या हक्काला वेसण घातली होती. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा त्या दिवशी एकत्र होते, आजोबाही. एका हाताने लेखी नियम देणारा कायदा दुसऱ्या हाताने काम थांबवण्याचा हक्क आवळत होता, हे त्या पिढीला बरोबर कळले होते. १९४६ मध्येच देशभरच्या कारखान्यांसाठी स्थायी आदेशांचा, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सचा, कायदा झाला. शंभर कामगार असतील तर नियमावली हवी, महाराष्ट्रात पन्नास. तीत काय काय असावे हे कायद्याने ठरवले. कामगारांचे प्रकार, त्यात कायम, तात्पुरते, शिकाऊ आणि बदली सुद्धा. तास, सुट्ट्या आणि पगाराच्या तारखा कशा कळवायच्या. रजा, उशीर, झडती, नोकरी संपवण्याची सूचना, गैरवर्तन म्हणजे काय आणि त्याची चौकशी कशी, अन्यायाविरुद्ध दाद कुठे. हे सगळे सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित झाले पाहिजे, आणि इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दाराशी लावले पाहिजे.

या नियमांचा उपयोग कसा होतो हे आजोबांच्या एका गोष्टीतून मला समजले. शेजारच्या खोलीतला एक गडी रिंग खात्यात होता. कापसाच्या खात्यात त्याच्याकडे बिडी आणि काडेपेटी सापडली असा आळ आला आणि त्याला घरी बसवले. बायको रडत आली. आजोबा तिला म्हणाले, "नियम बरोबर आहे. कापसात ठिणगी पडली तर खातंच्या खातं जळंल. पण त्यानं ते केलं का, हे आधी ठरलं पाहिजे." लेखी आरोपपत्र मागितले गेले. चौकशीच्या दिवशी सहकारी म्हणून आजोबा बरोबर गेले. वॉचमनला विचारले, झडती कुणासमोर घेतली, काडेपेटी कुठे आहे? काडेपेटी नव्हतीच. चंची होती, तंबाखू आणि चुन्याची डबी. ताकीद देऊन त्याला कामावर घेतले. आजोबांनी आरडाओरडा केला नाही की साहेबाच्या पाया पडले नाहीत. त्यांनी वही उघडली. मालकाचा नियम मोडू नये आणि नियम मालकालाही मोडू देऊ नये, एवढी त्यांची सगळी वकिली.

माझ्याकडे येणाऱ्यांना मीही असेच नियम दाखवते. निलंबित माणसाला अर्ध्या पगाराइतका निर्वाहभत्ता पहिले ९० दिवस मिळतो, आणि चौकशी कामगाराच्या दोषाशिवाय लांबली तर त्यानंतर पाऊण पगार. पगार, तास, रजा अशा अटी मालकाला बदलायच्या असतील तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला कपात म्हणून काढायचे, तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. जादा कामाला दुप्पट दर. हे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण माझ्या कार्डावर असिस्टंट मॅनेजर लिहिलंय, मी कामगार कसा?" न्यायालये कार्ड पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. दिवसभर संगणकावर नोंदी करणारा माणूस हुद्द्याच्या नावाने मॅनेजर होत नाही.

वडिलांच्या वाट्याला १९८२ आले. १८ जानेवारीला सुरू झालेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप अडीच लाख माणसांचा होता आणि तो कधी रीतसर संपलाच नाही. वडिलांचा राग पगारापेक्षा एका गोष्टीवर जास्त होता. कायद्याने मान्यताप्राप्त अशी एकच युनियन, बोलणी तिनेच करायची, आणि ती आपली वाटत नसली तरी सहजी बदलता येत नाही. त्या वर्षांबद्दल ते फार बोलले नाहीत. मीही इथे थांबते.

माझी एक भाची आता परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या एका कंपनीत आहे. नोकरीला लागताना तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला. ती सोडायची म्हणाली तेव्हा तिला जे सांगितले गेले, ते पणजोबांच्या काळातल्या बुडालेल्या पगारासारखेच होते. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा हक्क कुठलाही कामगार कायदा मालकाला देत नाही. बाँडवर सही असली तरी मागता येते ती वाजवी भरपाई, आणि ती ठरवते न्यायालय. मी तिला तिच्या कंपनीची नियमावली मागायला लावली. ती तिला आजवर कुणी दाखवलेली नव्हती आणि तिनेही मागितली नव्हती. शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलगी नियमांच्या बाबतीत आजोबांच्या खोलीतल्या निरक्षर गावकऱ्यांइतकीच अंधारात होती, याचे मला फार वाईट वाटले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्यांत चांगले आहे ते मी मान्य करते. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावेच लागेल. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागेल. मुदतीच्या करारावरच्या माणसालाही एका वर्षाने ग्रॅच्युइटी मिळेल. पण स्थायी आदेशांची मर्यादा आता तीनशे कामगारांवर गेली आहे. महाराष्ट्रात ती पन्नास होती. म्हणजे साठ माणसांच्या छापखान्यात, दोनशे माणसांच्या औषधाच्या कारखान्यात तो फलक लावण्याची सक्ती उरली नाही. हे मला चुकीचे वाटते. लहान कारखान्यात युनियन नसते, साहेब आणि कामगार समोरासमोर असतात आणि मर्जी तिथेच सगळ्यात जास्त चालते. फलकाची खरी गरज तिथेच आहे, आणि राज्य सरकारने ती मर्यादा पुन्हा खाली आणावी ही मागणी सगळ्या संघटनांनी एकमुखाने केली पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. सही करण्याआधी कागद घरी न्या आणि वाचा. नियुक्तिपत्राची आणि नियमावलीची प्रत मागा, तोंडी नको म्हणाले तर ईमेलने मागा. काढल्याचे तोंडी सांगितले तर त्याच दिवशी लेखी विचारा की मी उद्या कामावर यायचे की नाही. पगाराच्या चिठ्ठ्या फेकू नका. वेतनाच्या दाव्याला पूर्वी बारा महिन्यांची मुदत होती, नव्या संहितेत ती तीन वर्षांची आहे.